खिडकीवर ठेवलेला शब्द

पोतोसी, ६ एप्रिल १९९५

प्रिय नीलदा,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. सुक्रेच्या प्रशिक्षणाहून आले ती थेट कॉलेजच्या प्रवेशाच्या गर्दीत सापडले. आठवडाभर खुर्चीत बसून शिकून आल्याची शिक्षा म्हणून साहेबांनी आठवड्याचं साठलेलं काम माझ्या टेबलावर रचून ठेवलं होतं. वर विचारलं, काय शिकलात? मी म्हटलं, ऐकायला शिकले. ते म्हणाले, मग ऐका, आणि एकेक काम सांगायला लागले.

खरं सांगू, शिकवणाऱ्या ओफेलियाबाईंनी जोड्या लावल्या तेव्हा माझं तोंड पडलं होतं. दक्षिणेतल्या सगळ्या कॉलेजांतून माणसं आलेली. ग्रंथपाल, प्रयोगशाळेतले, खिडकीवरचे, चक्क प्राध्यापकसुद्धा. आणि माझ्या वाट्याला कोण, तर तारिहाची ही चष्मेवाली पोरगी, जिनं पहिल्याच दिवशी पट्टी घेऊन वहीला समास आखला. नाटुकल्यात मी विद्यार्थिनी झाले, डोळ्यांत पाणी आणून तुझ्यापुढं आले, आणि तू विचारलंस, "ओळखपत्राचा क्रमांक?" अख्खा वर्ग हसला. ते पाणीपुरवठ्याचे प्राध्यापक, जे कारकुनांच्या बाकावर बसायला लागलं म्हणून दोन दिवस फुरंगटले होते, तेही हसले. तू हसली नाहीस. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन म्हणालीस, मला ते पुन्हा करून बघायचंय. तेव्हापासून तू मला आवडायला लागलीस.

असो. बाईंनी बजावलंय की खिडकीवर अडलेली गोष्ट जोडीदाराला लिहायची, आणि जोडीदारानं आपलं मत कळवायचं. तर माझी अडलेली गोष्ट ऐक.

सुल्मा कोंदोरी नावाची एक वीस वर्षांची मुलगी आमच्याकडे भूमापन शिकत होती. पहिलं वर्ष चांगलं पास झाली. सुट्टी संपली, वर्ग सुरू झाले, ही आलीच नाही. घरूनही काही न सांगता निघून गेलेली. तिचा बाप, ताता कासिमिरो (वडीलधाऱ्यांना आमच्याकडे ताताच म्हणतात), दर सोमवारी माझ्या खिडकीवर येतो. डोंगरातल्या खाणीत काम करतो तो. तसाच येतो, अंगावर धूळ, हेल्मेट काढून काखेत धरलेलं. विचारतो, "आली का?" मी सांगते, नाही. तो "बरं" म्हणतो आणि जातो. आधी मी यादी बघून सांगायची. आता यादी पाठ झालीय, तरी उगाच पानं उलटते, कारण पटकन नाही म्हटलं की त्याचा चेहरा बघवत नाही.

काय बोलावं त्याच्याशी? सुक्रेत आपल्याला विद्यार्थ्याशी कसं बोलायचं ते शिकवलं. बापाशी कसं बोलायचं ते कुणी शिकवलं नाही.

तुझी,
रेमेदिओस

*

तारिहा, २४ एप्रिल १९९५

आदरणीय दोन्या रेमेदिओस,

सप्रेम नमस्कार. तुम्ही वयानं मोठ्या, म्हणून मानानं दोन्याच लिहिते. तुमचं पत्र मिळालं. समास मी अजूनही आखते, त्याशिवाय मला लिहिता येत नाही.

इकडे मी एक केलं. ओफेलियाबाई म्हणाल्या होत्या ना, काच मधे असली की माणूस अर्ज बोलतो, काच नसली की मनातलं बोलतो. काच काढायला साहेबांनी परवानगी दिली नाही. म्हणून मी माझ्या बाजूला, टेबलाशेजारी, एक खुर्ची ठेवली. कुणाला वाटलं तर आत येऊन बसावं. ही जास्तीची खुर्ची कशासाठी, हे सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. पहिल्या दिवशी तिच्यावर एकच मुलगा बसला, आणि त्याला फक्त बुटाची नाडी बांधायची होती. पण नंतर कुणी कुणी बसायला लागलं. एक जण तर बराच वेळ बसलं.

तुमच्या प्रश्नावर मत देण्यापूर्वी मला थोडं विचारायचं आहे. हे ताता कासिमिरो माणूस म्हणून कसे आहेत? पितात का? मुलीवर हात उगारायचे का? घरात आणखी कोण असतं? तिचं लग्न कुणाशी लावून द्यायचं चाललं होतं का? तुम्हाला हे प्रश्न उद्धट वाटतील. पण खिडकीवर मवाळ दिसणारा माणूस घरातही मवाळ असेलच असं नाही. वीस वर्षांची मुलगी काही न सांगता घर सोडते, तेव्हा तिच्याकडे काहीतरी कारण असणार. आपण ते कारण न जाणता बापाच्या बाजूनं उभं राहू नये, असं मला वाटतं.

लवकर उत्तर द्यावं, ही विनंती.

आपली,
नीलदा कास्त्रियो

*

पोतोसी, १५ मे १९९५

प्रिय नीलदा,

उद्धट नाही वाटले, पण पोलिसासारखे वाटले. तरी तुझं ऐकलं. शाल गुंडाळली आणि गेले त्याच्या घरी, डोंगराच्या पायथ्याशी. चढ चढताना माझाच जीव अर्धा झाला.

दोन खोल्या आहेत. बायको पोरगी लहान असतानाच गेली. पितो म्हणशील तर सणावारी चार जणांत बसून पितो, तेवढं आमचे साहेबही पितात. शेजारीण म्हणाली, त्यानं पोरीला कधी बोट लावलं नाही, उलट तीच त्याला रागवायची. लग्नाचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. तो घरी नव्हता, म्हणून मी शेजारणीपाशी बसले. तिनं मला पिवळ्या मक्याचं गरम आपी पाजलं आणि सगळं सांगितलं.

पोरी, तो आजारी आहे. दोन वर्षांपूर्वीच डॉक्टरनं सांगितलं होतं की फुप्फुसात दगडाची धूळ भरलीय, आता खाली उतरू नकोस. तेव्हा त्यानं खाण सोडली होती, बाजारात हमाली करायचा. मग सुल्माला आमच्याकडे प्रवेश मिळाला, आणि त्याच आठवड्यात त्यानं पुन्हा हेल्मेट चढवलं. हमालीत पोट भरतं, पोरगी शिकत नाही, असं म्हणाला.

म्हणून या सोमवारी मी त्याला विचारलं, आता पोरगी शिकत नाही, मग कशाला जाताय खाली? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच खुळी. म्हणाला, "परत येईल तेव्हा फी तयार नको का? वर्ष बुडालंय तिचं. आता जास्तच लागेल."

तुझं उत्तर मिळालं ना? आता माझं काम कर. बसच्या थांब्यावरच्या तिकीटवाल्याला आठवतंय की पत्र्याची ट्रंक घेतलेली एक मुलगी फेब्रुवारीत तारिहाच्या गाडीत बसली. तुझं गाव काही एवढं मोठं नाही. उंच, सडपातळ, डाव्या भुवईवर व्रण आहे. कॉलेजांत, खानावळींत विचारून बघ. कदाचित तुझ्याच खिडकीवर आली असेल. आली तर एक ओळ लिही, बास.

तुझी,
रेमेदिओस

*

तारिहा, ३० मे १९९५

आदरणीय दोन्या रेमेदिओस,

तुमचं पत्र मिळालं.

मी अशी चौकशी करू शकत नाही. एखादी विद्यार्थिनी माझ्याकडे आली असेल, नसेल, काही बोलली असेल, नसेल, ते मी तिच्या परवानगीशिवाय कुणालाही सांगणार नाही. तुम्हालाही नाही. सुक्रेत चौथ्या दिवशी आपण दोघींनी एकाच कागदावर हेच लिहून दिलं होतं, विद्यार्थ्याचा शब्द विद्यार्थ्याचाच.

कृपा करून मला याबद्दल पुन्हा विचारू नका. ताता कासिमिरोंनी खाली उतरू नये, एवढं मात्र तुम्ही त्यांना सांगत राहा. जमेल तितकं सांगा.

आपली,
नीलदा कास्त्रियो

*

पोतोसी, २६ जून १९९५

नीलदा,

तुझी चिठ्ठी वाचली. चिठ्ठीच म्हणते, पत्र म्हणवत नाही. अर्जाला उत्तर येतं तशी आली.

सुक्रेत माझ्या ताटातलं खाल्लंस. थंडी वाजते म्हणालीस तेव्हा माझी शाल पांघरलीस. आणि आता मी तुझ्याकडे एका म्हाताऱ्या माणसासाठी एक ओळ मागितली, तर तू मला चौथ्या दिवसाचा कागद दाखवतेस. आमच्याकडे म्हणतात, तारिहाची माणसं बोलताना गातात. मला वाटायचं कौतुकानं म्हणतात. आता कळलं, गाण्यात गुंडाळून नाही म्हणायची सोय असते ती. की आम्ही वरचे, डोंगरातले, थंडीनं गाल फुटलेले, म्हणून आमच्या माणसांची तुम्हाला किंमत नाही?

हे सगळं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. सान हुआनच्या सणाच्या शेकोट्या झाल्या, म्हटलं राग त्यात टाकून द्यावा. पण आज सोमवार. तो आला, "आली का" म्हणायला तोंड उघडलं, आणि खोकल्यानं त्याला बोलूच दिलं नाही. खिडकीची कड धरून उभा होता, मग हळूहळू खाली बसला. मी बाहेर धावले, त्याला आत आणून माझ्या खुर्चीत बसवलं. रुमालावर काय पडलं ते मी पाहिलं, तुला लिहीत नाही.

मी त्याला हात जोडले. म्हटलं, ताता, सोडा आता ती खाण, पोरगी आली तरी फीचं काहीतरी बघू, आमच्याकडे अर्ज करता येतो, सवलत मिळते. तो पाणी प्यायला. मग म्हणाला, "मी खाली जायचं थांबवलं, आणि ती दुसऱ्या दिवशी आली, तर तिला काय सांगू? दमलो म्हणून?"

यावर तुझ्या कागदात काही लिहिलंय का? लिहिलं असेल तर कळव. नसेल तर नको लिहूस.

रेमेदिओस

*

तारिहा, १४ जुलै १९९५

प्रिय दोन्या रेमेदिओस,

हे पत्र टपालानं आलेलं नाही. ज्या मुलीनं ते तुमच्या हातात दिलं, तिच्या डाव्या भुवईकडे बघा. तिला आधी बसायला द्या, मग पुढं वाचा. यात लिहिलेलं सगळं मी तिला वाचून दाखवलं आहे. तिनं हो म्हटल्यावरच लिहिलं.

सुल्मा माझ्याकडे एप्रिलमध्ये आली. एका खानावळीत भांडी घासते, कणसं सोलते, आणि तिला विचारायचं होतं की काम सांभाळून संध्याकाळी शिकता येईल असा काही वर्ग आहे का. त्या खुर्चीवर बराच वेळ बसलेली ती हीच. कागदपत्रं बघताना पोतोसीचं नाव दिसलं. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, माझ्या घरी कळवू नका, मी इथं आहे हे कुणालाच सांगू नका. मी शब्द दिला. तुमचं पहिलं पत्र तेव्हा माझ्या खणात पडलेलं होतं. मी काय करणार होते?

मी तुम्हाला ते प्रश्न विचारले, कारण मला खात्री होती की बाप मारत असणार. खरं सांगायचं तर मला तसंच हवं होतं. म्हणजे माझं गप्प राहणं बरोबर ठरलं असतं. मग तुमचं मे महिन्यातलं पत्र आलं, आणि माझी झोप उडाली. म्हणून मी तशी कोरडी चिठ्ठी लिहिली. दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या, तर सगळंच सांगून बसले असते. तुमच्या माणसांबद्दल माझ्या मनात तसं काही नाही. माझी आजी तुमच्याच बाजूची, गाल फुटलेलीच होती.

त्या चिठ्ठीनंतर मी सुल्माला एकदा सरळ विचारलं, तू वडिलांना घाबरतेस का? ती हसली. हसता हसता तिचा चेहरा बदलला. म्हणाली, त्यांना नाही घाबरत, त्यांच्या खोकल्याला घाबरते. ती वर्षभर त्यांना सांगत होती की खाण सोडा. ते ऐकून घ्यायचे आणि पहाटे निघून जायचे. तिच्या लक्षात आलं की आपण कॉलेजात आहोत तोवर हा माणूस वर येणार नाही. मग तिनं कॉलेज सोडलं. पत्ता दिला असता, तर त्यांनी इथंही पैसे पाठवले असते. म्हणून पत्ता दिला नाही. बापाला वाटू दे पोरगी वाया गेली, पण तो जगू दे, असा तिचा हिशेब. माझ्यासमोर बसून ती म्हणाली, "आता ते बाजारात हमाली करत असतील. दमत असतील, पण उन्हात असतील."

दोन्या रेमेदिओस, हे ऐकताना मला माहीत होतं की ते उन्हात नाहीत. तरी त्या दिवशी मी तिला काही बोलले नाही. तुम्ही मला विश्वासानं लिहिलेलं तिला कसं सांगू, असं वाटलं. दोन्ही बाजूंचे शब्द माझ्याजवळ, आणि मी दोन्ही सांभाळत बसले. आठवडे गेले. मग तुमचं जूनचं पत्र आलं. तुम्ही विचारलंत, तुझ्या कागदात काही लिहिलंय का. मी कागद काढून खरंच बघितला. त्यात लिहिलंय की विद्यार्थ्याचं सांगणं बाहेर जाऊ द्यायचं नाही. बाहेरचं विद्यार्थ्याच्या कानावर घालायचं नाही, असं कुठंही लिहिलेलं नाही. एवढं समजायला मला इतके दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी मी तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. शिव्यांसकट. "दमलो म्हणून?" या शब्दांपाशी तिनं मला थांबवलं आणि म्हणाली, पुन्हा वाचा. मी वाचलं. ती उठून गेली. पुढचे काही दिवस फिरकली नाही, खानावळीतही कुणाशी बोलली नाही म्हणे. काल संध्याकाळी आली, ट्रंक घेऊनच. म्हणाली, आता मीच जाते, तुम्ही फक्त त्या बाईंना लिहून द्या, मला सगळं तोंडानं सांगता येणार नाही.

मी चुकले का, ते मला माहीत नाही. तुम्ही ठरवा, आणि काय असेल ते लिहा. गप्प मात्र राहू नका.

तुमची,
नीलदा

*

पोतोसी, ८ ऑगस्ट १९९५

प्रिय नीलदा,

गप्प राहिले नव्हते, वेळ मिळाला नाही. आणि थोडी भांडतही होते, मनातल्या मनात, तुझ्याशी. आता सगळं सांगते.

पोरगी सकाळी माझ्या खिडकीवर उभी राहिली तेव्हा मी पत्र फोडायच्या आधीच ओळखलं. बाप सकाळच्या पाळीला खाली गेलेला. घरी थांबून वाट बघू या म्हटलं, पण तिला धीर निघेना. मग आम्ही दोघी डोंगरावर गेलो, खाणीच्या तोंडाशी. तिथं बायका दगड फोडून त्यातली धातूची खडी वेचत बसतात. त्यांच्यात जाऊन बसलो. वारा असा की दात वाजत होते. एका बाईनं आम्हाला शेकायला आपल्या शेगडीजवळ बोलावलं, काही विचारलं नाही.

तो बाहेर आला तेव्हा धुळीनं पांढरा झाला होता, डोळे तेवढे काळे. पोरीला बघून तो थांबला. मला वाटलं रडेल, नाहीतर ओरडेल. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "सोमवारी तुम्ही नाही म्हणालात."

मी म्हटलं, सोमवारी मला ठाऊक नव्हतं, ताता.

"कुणाला तरी ठाऊक होतं."

तेव्हा पोरगी पुढं झाली. म्हणाली, "मीच सांगू नका म्हटलं होतं."

"का?"

"तुम्ही वर यावं म्हणून."

त्याला लगेच कळलं नाही. तो एका दगडावर बसला, हेल्मेट काढलं, तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग हळूहळू कळलं. नीलदा, एखाद्याला अशी गोष्ट कळताना बघू नये. मी तोंड फिरवलं. त्या बायकांचे हातोडेसुद्धा थांबले होते.

त्या दिवसापासून तो खाली गेला नाही. पण हे ऐकून सुटल्यासारखं वाटून घेऊ नकोस. तो रागावलाय. पोरीवर नाही, आपल्यावर. मला तोंडावर म्हणाला, तुम्ही शिकलेल्या बाया, एक तिकडे, एक इकडे, एकमेकींना पत्रं लिहीत होता आणि मी खाली दगड फोडत होतो. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, मग त्या दुसरीला विचारीन.

आणि विचारेल तो, कारण तो तिकडेच येतोय. इथल्या डॉक्टरनं सांगितलं, एवढ्या उंचावर आता याला श्वास पुरणार नाही, खाली खोऱ्यात न्या. पोरीनं एका शब्दात ठरवलं, तारिहा. दोन खोल्यांतलं सामान विकलं. पुढच्या आठवड्यात निघतील. काल सोमवारी तो माझ्या खिडकीवर आला होता, सवयीनं. काहीच विचारायचं नव्हतं. मग तो म्हणाला, "येतो," आणि गेला.

तू विचारलंस, चुकले का. मी पुष्कळ विचार केला. तुझ्या गप्प बसण्यानं तो आणखी कितीतरी दिवस खाली गेला, हे खरं. ते तुला माझ्याकडून गोड करून मिळणार नाही. पण तू मला मे महिन्यात सांगितलं असतंस तर मी त्याच सोमवारी त्याला सांगितलं असतं, माझ्या पोटात काही राहत नाही. तो तारिहाला गेला असता, पोरीला हात धरून परत आणलं असतं, माझ्या खिडकीवर फी भरली असती आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा खाली उतरला असता. मी टाळ्या वाजवल्या असत्या. हेही खरं. दोन्ही खरं असलं की काय करायचं, ते ओफेलियाबाईंना विचारायला हवं.

त्यावरून आठवलं. त्यांचं पत्र आलंय. पुढचं संयुक्त प्रशिक्षण ऑक्टोबरात तुमच्याकडे आहे, आणि प्रत्येक जोडीनं खिडकीवर घडलेली एक गोष्ट सगळ्यांपुढं मांडायची. आपली गोष्ट मांडायची का? सुल्माला विचारून कळव. आणि माझ्यासाठी उशी चांगली बघून ठेव, सुक्रेतल्या उशीनं माझी मान धरली होती.

तुझी,
रेमेदिओस

*

तारिहा, १२ सप्टेंबर १९९५

प्रिय दोन्या रेमेदिओस,

उशी बघून ठेवली आहे, आमच्याच घरातली. तुम्ही माझ्याकडेच उतरायचं, हे ठरलं.

ते दोघं सुखरूप पोचले. सुल्मानं खानावळीच्या मागं एक खोली घेतली आहे. संध्याकाळी ती वर्गाला येते. ताता कासिमिरोंना शहराबाहेरच्या एका मळ्यात द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्यांच्या जुड्या बांधायचं काम मिळालं, तेही बसून करण्यासारखं. खोकला आहे, पण चालताना पूर्वीसारखं थांबावं लागत नाही, असं सुल्मा सांगते.

मी रोज त्यांची वाट बघत होते. तुम्ही लिहिलं होतं ना, दुसरीला विचारीन म्हणाले. रोज सकाळी खुर्ची पुसायची आणि उत्तर तयार करायची. पहिले काही आठवडे ते आले नाहीत. सान रोकेच्या मिरवणुकीत मला दिसले, नाचणाऱ्यांच्या मागं, पोरीच्या शेजारी, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं.

काल दुपारी आले. गवताची टोपी काढून काखेत धरली. मी आत या म्हटलं, बसा म्हटलं. ते बसले नाहीत. खिडकीबाहेरच उभे राहिले. मी तयार केलेलं उत्तर विसरले आणि सरळ म्हटलं, ताता, मी तुम्हाला वेळेवर सांगायला हवं होतं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही, पण तुम्हाला जे सोसावं लागलं त्याचं मला वाईट वाटतं.

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या तिनं तुम्हाला पुन्हा काही सांगितलं, आणि मला सांगू नका म्हणाली, तर?"

मी म्हटलं, "तर नाही सांगणार."

मला वाटलं आता जातील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाजार करताना माणूस तराजूकडे बघतो तसं. मग आत आले, खुर्चीवर बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बरं. मग माझंही एक ठेवा तुमच्याजवळ." आणि पोतोसीच्या डॉक्टरनं पोरीला बाहेर पाठवून त्यांना एकट्याला काय सांगितलं होतं, ते त्यांनी मला सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, तिची परीक्षा होईपर्यंत तिला कळू द्यायचं नाही.

ते काय, हे मी तुम्हाला लिहू शकत नाही. तुम्ही रागावणार नाही, हे मला माहीत आहे.

आपल्या कागदात विद्यार्थी म्हटलंय, बाप म्हटलेलं नाही. मी काल संध्याकाळभर त्याचाच विचार करत होते. मग वाटलं, कागद असला काय, नसला काय, ते खुर्चीवर बसले होते.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर सुल्मानं परवानगी दिली आहे. म्हणते, सांगा, पण माझं नाव बदला आणि ताता रागावले तेही सांगा, ते गाळू नका. तेव्हा आपण मांडू. तुम्ही बोला, मी बाजूला बसेन. खाणीच्या तोंडाशी काय झालं आणि ताता रागावले, तिथपर्यंतच बोलायचं. त्यापुढचं मांडायचं नाही.

आज संध्याकाळी सुल्मा वर्गाला जाताना खिडकीपाशी थांबली. मळ्यातल्या कुणीतरी तिला सांगितलं असावं. तिनं विचारलं, "काल ताता आले होते ना इथं?"

मी म्हटलं, "आले होते."

"काय म्हणत होते?"

मी वही मिटली. म्हटलं, "ते त्यांनाच विचार. आणि आज वर्ग राहू दे, आजच विचार."

ती वर्गाकडे न जाता फाटकाकडे वळली.

तुमची,
नीलदा